दिवंगत आमदारांच्या कामाचा स्मृतिग्रंथ पुराव्यानिशी कसा तयार करावा

आमदार गेले की पहिल्या पुण्यतिथीच्या आत स्मरणिका काढायची, मान्यवरांकडून लेख मागवायचे, निम्म्या पानांवर जाहिराती घ्यायच्या आणि समारंभात वाटून टाकायची, अशी आपल्याकडची रीत आहे. त्या स्मरणिकेत ‘लोकनेता’, ‘विकासपुरुष’, ‘गोरगरिबांचा कैवारी’ हे शब्द पानोपानी सापडतात. सभागृहात त्यांनी कोणता प्रश्न कधी मांडला, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं आणि पुढे गावात काय झालं, हे मात्र एकाही पानावर नसतं. लोकप्रतिनिधीचं आयुष्य ज्या कामात जातं, त्याची नोंद सरकारदरबारी असते. ती शोधून, तपासून, जुळवून छापणं हाच त्या माणसाचा मोठा सन्मान आहे.

पुढची पद्धत महाराष्ट्र विधानमंडळाच्या दिवंगत सदस्यांसाठी आहे. पाच-सहा जणांच्या चमूला दीड ते दोन वर्षं लागतात, म्हणून पहिल्या पुण्यतिथीचा हट्ट धरू नये. त्या दिवशी १६ पानांची जीवनपट-पुस्तिका काढावी आणि ग्रंथासाठी दुसरी पुण्यतिथी किंवा त्यानंतरची जयंती ठरवावी.

पहिल्या पंधरवड्यात कागद वाचवा

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या महिन्यात होतं. भाड्याचं संपर्क कार्यालय रिकामं करावं लागतं, आमदार निवासातली खोली सोडावी लागते आणि कपाटातले गठ्ठे रद्दीत जातात. घरच्यांचा त्यात दोष नसतो, त्या दिवसांत कुणाचंच लक्ष ठिकाणावर नसतं. म्हणून कुटुंबातल्या एका जबाबदार माणसाशी बोलून ‘एकही कागद तूर्त टाकायचा नाही’ एवढंच आधी ठरवून घ्यावं.

कागद चार ठिकाणी असतात : घर, संपर्क कार्यालय, मुंबईची खोली आणि स्वीय सहायकाचं घर. चौथं ठिकाण हमखास विसरलं जातं, आणि प्रश्नांच्या सूचनांच्या स्थळप्रती (स्वतःकडे ठेवलेल्या प्रती) बहुधा तिथेच निघतात. दरवर्षीच्या दैनंदिन्या, भेटायला आलेल्यांची नोंदवही, शिफारसपत्रांच्या प्रती, कात्रणांच्या वह्या, निवडणुकीची पत्रकं, कॅसेट, फोटो असं सगळं उचलावं. मोबाइल आणि त्यातलं सिमकार्डही जपावं. रिचार्ज बंद झाल्यावर काही काळाने क्रमांक दुसऱ्याला दिला जातो आणि त्या क्रमांकावर चालणारी खाती हातची जातात. कुटुंबाच्या संमतीने फोनमधल्या मजकुराची प्रत आधी काढून ठेवावी.

कागद जागेवरून हलवण्यापूर्वी कपाटाच्या प्रत्येक खणाचा फोटो काढावा आणि खणातला क्रम तसाच ठेवून खोकी भरावीत. विषयवार लावण्याचा मोह टाळावा. एखाद्या पत्रावर तारीख नसली तर शेजारच्या कागदांवरूनच ती कळते, क्रम मोडला की हा आधार जातो. गंजलेल्या टाचण्या आणि पिना हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण चिकटपट्टीचा डिंक कागद पिवळा पाडतो आणि लॅमिनेशन परत निघत नाही. खोकी जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवली की वाळवी लागते. फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर, कोरड्या खोलीत ठेवावीत.

प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा आणि तो मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे कोण, हे गावातल्या दोन वेगवेगळ्या जाणत्यांना विचारून लिहावं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारावं. पोस्टकार्डाएवढे किंवा लहान फोटो ६०० डीपीआयवर, साधे कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करावेत आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. लोकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर तो आकसून येतो आणि छपाईत फुटतो.

तारखांचा सांगाडा

लेखन सुरू करण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा : कोणत्या वर्षी, कोणत्या मतदारसंघातून, कोणत्या पक्षाकडून उभे राहिले, किती मतं पडली, जिंकले की हरले. यासाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल घ्यावेत. श्रद्धांजलीच्या बातम्यांवर भिस्त ठेवू नये. सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचं उदाहरण घ्या. ते ११ वेळा निवडून आले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण १९६२ साली पहिल्यांदा जिंकल्यावर १९७२ आणि १९९५ साली ते हरलेही होते, आणि १९७४ साली पोटनिवडणुकीतून परत आले. घाईत कुणी ‘सलग ११ वेळा’ लिहून गेलं तर एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या पानावर चूक बसते. शिवाय हरल्यावर पुन्हा लोकांत जाऊन निवडून येण्याची खरी कर्तबगारी झाकली जाते ती वेगळीच.

दुसरी काळजी मतदारसंघाच्या सीमांची. १९६७, १९७८ आणि २००९ या निवडणुका नव्या फेररचनेनुसार झाल्या. १९९० साली जे गाव आपल्या आमदारांच्या मतदारसंघात होतं ते २००९ नंतर शेजारच्या मतदारसंघात गेलेलं असू शकतं, कधी मतदारसंघाचं नावच बदललेलं असतं. प्रत्येक कालखंडासाठी गावांची वेगळी यादी करावी, नाहीतर शेजारच्या आमदाराचं काम यांच्या नावावर आणि यांचं त्यांच्या नावावर जातं.

कारकीर्द १९६० च्या आधी सुरू झाली असेल तर शोधाची जागाच बदलते. मुंबई राज्याची विधानसभा १९३७ पासूनची. १९५६ पर्यंत विदर्भाचे आमदार नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत, तर मराठवाड्याचे हैदराबादच्या विधानसभेत बसत. त्या नोंदी मुंबईत शोधून उपयोग नाही, आणि हैदराबादच्या कामकाजासाठी उर्दू वाचणारं माणूस सोबत लागतं. विधान परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीला विधानसभेच्या निवडणुकांची वर्षं लावू नयेत.

सभागृहातलं काम

ग्रंथाचा गाभा इथे आहे आणि कष्टही इथेच आहेत. विधानमंडळाचं ग्रंथालय मुंबईला विधान भवनात आहे. तिथे पाहणीसाठी आगाऊ लेखी परवानगी घ्यावी, पत्रासोबत समितीचा ठराव आणि कुटुंबाचं संमतिपत्र जोडावं. जाण्यापूर्वी विधानमंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असलेलं कामकाज उतरवून घ्यावं, म्हणजे ग्रंथालयातला वेळ फक्त न सापडलेल्या खंडांवर खर्च होतो.

कामाची पद्धत अशी. आधी अधिवेशनांची यादी करावी : वर्षाला अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षं, धरली तर तीसेक अधिवेशनं होतात. मग प्रत्येक खंडाच्या सूचीत सदस्याचं नाव शोधावं. नाव आडनावाने लागलंय की पहिल्या नावाने, हे खंडागणिक बदलू शकतं. एकाच आडनावाचे चार सदस्य असतील तर मतदारसंघ पाहिल्याशिवाय नोंद घेऊ नये. प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ : दिनांक, अधिवेशन, खंड व पृष्ठ, आयुध (प्रश्न, सूचना, ठराव अशा ज्या मार्गाने विषय मांडला तो), विषय, उत्तर देणारे मंत्री, आश्वासन मिळालं की नाही.

आयुध कोणतं वापरलं, हे लिहिणं फार महत्त्वाचं. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. विधानसभेत लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) नियम १०५ खाली येते, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा नियम २९३ खाली, तर परिषदेत तशा चर्चेसाठी नियम २६० चा प्रस्ताव असतो. अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी), अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं, विधेयक आणि ठराव यांची वेगवेगळी गणती करावी. ‘सभागृहात आवाज उठवला’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. ‘या विषयावर चार अधिवेशनांत दोन तारांकित प्रश्न आणि एक लक्षवेधी’ असं लिहिलं की त्या माणसाची चिकाटी दिसते.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे श्रेय फुगवणं. एका तारांकित प्रश्नाखाली दहा-पंधरा सदस्यांची नावं असू शकतात. यादीत आपल्या आमदारांचं नाव आहे म्हणून तो प्रश्न त्यांचा एकट्याचा ठरत नाही. पहिलं नाव कुणाचं, उपप्रश्न कुणी विचारले, हे कामकाजात पाहून मगच लिहावं. ज्यात त्यांचं नाव आहे पण त्यांनी तोंड उघडलेलं नाही असे प्रश्न वेगळ्या स्तंभात ठेवावेत. दुसरी चूक कामकाजाच्या असुधारित, म्हणजे अजून न तपासलेल्या, प्रतीतून उतारे छापण्याची. त्या प्रतीवर ‘असुधारित’ असा शेरा असतो, अंतिम प्रतीत शब्द बदललेले असू शकतात. पीठासीन अधिकाऱ्यांनी (अध्यक्ष किंवा सभापतींनी) कामकाजातून काढून टाकलेले शब्द तर कुठेही छापू नयेत, त्याने विशेषाधिकार भंगाचा प्रश्न उभा राहतो.

समित्यांमधलं काम बहुतेक चरित्रांतून सुटतं. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, आश्वासन, विनंती अर्ज, रोजगार हमी योजना यांपैकी कोणत्या समितीवर ते कोणत्या वर्षी होते, ते समितीच्या अहवालांच्या सुरुवातीच्या सदस्ययादीत सापडतं. सभागृहात कमी बोलणारे काही सदस्य समितीत अतिशय कसून काम करतात. भाषणं मोजून त्यांना निष्क्रिय ठरवणं अन्यायाचं आहे.

प्रश्नापासून गावापर्यंतची साखळी

सापडलेल्या नोंदींतून दहा-बारा विषय निवडावेत आणि प्रत्येकाची साखळी जुळवावी : मागणी, सभागृहातला प्रश्न, मंत्र्यांचं आश्वासन, आश्वासन समितीच्या (मंत्र्यांची आश्वासनं पाळली का, हे पाहणाऱ्या) अहवालातली नोंद, शासन निर्णय, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, काम पूर्ण झाल्याचा दाखला. प्रत्येक कडीला तारीख हवी. एखादी कडी सापडली नाही तर तिथपर्यंतच लिहावं. ‘त्यांनी धरण बांधलं’ असं कधी लिहू नये. धरणाची मागणी कुणी केली, सर्वेक्षण कुणाच्या काळात झालं, सुधारित प्रशासकीय मान्यता किती वेळा घ्यावी लागली, हे मांडलं की त्यांचा वाटा आपोआप दिसतो आणि विरोधी पक्षाच्या वाचकालाही तो नाकारता येत नाही.

अशी साखळी किती लांब जाऊ शकते, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण रोजगार हमीचं. १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि लावून धरली. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. तालुक्याच्या आमदाराची साखळी इतकी लांब नसेल, पण ती मांडायची रीत हीच.

स्थानिक विकास निधीतल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे मागावी. आधी साधं विनंतिपत्र द्यावं आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून ‘सर्व कामांची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नये. ‘अमुक ते अमुक वर्षांतील स्थानिक विकास निधीतील कामांची यादी : वर्ष, गाव, कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च’ एवढंच मागावं. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षं, बाकीचे त्याआधीच नष्ट होतात. जुन्या कामांसाठी ग्रामपंचायतीची इतिवृत्तं आणि त्या काळची स्थानिक वृत्तपत्रं हाच आधार उरतो. आमदारांना आज वर्षाला ५ कोटी रुपये निधी मिळतो. पूर्वी तो बराच कमी होता, त्यामुळे आजच्या दराने जुन्या वर्षांचा हिशेब मांडू नये.

मुलाखती

सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करावी. चालक, स्वीय सहायक, कार्यालयातला लेखनिक, शाळेतले सोबती, त्यांच्याविरुद्ध लढलेला उमेदवार, त्या काळचा ग्रामसेवक आणि जिच्यासाठी त्यांनी एखादं काम केलं अशी सामान्य बाई, ही माणसं मान्यवरांच्या आधी गाठावीत. मान्यवर तेच ते सांगतात. विरोधकाची मुलाखत तर असायलाच हवी. त्याने मान्य केलेला गुण दहा कार्यकर्त्यांच्या स्तुतीपेक्षा जास्त पटतो.

एका बैठकीला तासभर, फार तर दीड तास. पंखा बंद करावा, फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, ध्वनिमुद्रक बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि वेव्ह फाइलमध्ये मुद्रण करावं. सुरुवातीलाच नाव, गाव, दिनांक आणि संमती आवाजात नोंदवावी, शेवटी संमतिपत्रावर सही घ्यावी. सही नंतर घेऊ म्हणून राहिली की छपाईच्या वेळी ती माणसं भेटत नाहीत.

‘कोणत्या साली?’ असं विचारलं की माणसं अंदाज सांगतात. त्याऐवजी ठळक घटनांचा आधार द्यावा : पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). ‘रस्ता झाला तेव्हा दुष्काळाची खडी फोडणं चालू होतं की संपलं होतं?’ या प्रश्नाला खात्रीचं उत्तर येतं. तरीही मुलाखतीतली कोणतीही तारीख कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नये. आठवणीत माणूस खरा उभा राहतो, साल मात्र मागे-पुढे होतं.

निवड आणि लेखन

२४० पानांच्या ग्रंथात साधारण अशी वाटणी जमते : जीवनपट ४० पानं, सभागृहातली निवडक भाषणं ७०, कामांच्या साखळ्या ५०, मुलाखती ४०, पत्रं आणि कागदपत्रं २०, बाकी छायाचित्रं, कालपट आणि सूची. मान्यवरांचे लेख पाच-सहाच घ्यावेत आणि प्रत्येकाला विषय ठरवून द्यावा, उदाहरणार्थ ‘सहकारी संस्थांतील त्यांची भूमिका’. विषय दिला नाही की सगळे जण ‘माझी आणि त्यांची पहिली भेट’ लिहितात.

पूर्ण न झालेली कामं, हरलेल्या निवडणुका, बदललेले पक्ष, झालेली टीका यांना जागा द्यावी. कुटुंबाला हे सुरुवातीलाच सांगावं, हस्तलिखित तयार झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मात्र खासगी आयुष्य, आजारपण आणि मालमत्ता याबाबत कुटुंबाचा शब्द अंतिम मानावा.

पत्र कुणाकडेही असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, हे लक्षात ठेवावं. लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, हयातीत न छापलेल्या पत्राचा पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षं. छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षं होता, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वृत्तपत्रातला फोटो किंवा अग्रलेख घ्यायचा तर लेखी परवानगी घ्यावी. आणि मतदारांनी आमदारांना लिहिलेली पत्रं, ज्यांत आजार, नोकरी, घरातली भांडणं असतात, ती नाव-गाव झाकूनही छापताना दहादा विचार करावा. त्या माणसांनी विश्वासाने लिहिलेलं असतं.

छपाई

डेमी १/८ आकारात १६ पानांचा एक फॉर्म होतो, म्हणजे २४० पानांचे १५ फॉर्म. पानसंख्या १६ च्या पटीतच ठेवावी, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. १,००० प्रतींना डेमीचे १५,००० ताव, म्हणजे ३० रीम कागद लागतो, वाया जाणाऱ्यासाठी ५ टक्के वरून धरावेत. मजकुराला ७० जीएसएमचा किंचित पिवळसर कागद डोळ्यांना बरा, छायाचित्रांची १६ पानं वेगळ्या आर्ट पेपरवर एकत्र घालावीत. शिवण दोऱ्याची घ्यावी, नुसत्या डिंकावर बांधलेलं ग्रंथालयातलं पुस्तक लवकर सुटतं.

श्री-लिपी या जुन्या टंकन-प्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार, ‘ऱ्या’, ‘ष’ची जोडाक्षरं आणि अंक बिघडतात. म्हणून रूपांतरानंतर मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. तीन मुद्रितं (प्रूफं) काढावीत : पहिलं शुद्धलेखनासाठी, दुसरं फक्त नावं आणि तारखांसाठी, तिसरं छायाचित्रांच्या ओळींसाठी. दुसरं मुद्रित गावातल्या जाणत्याने वाचावं, व्यावसायिक मुद्रितशोधकाला आडनावातली चूक कळत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी छपाईच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करावा.

पुतळा, नाव, प्रतिष्ठान

ग्रंथासोबत पुतळ्याची मागणी येतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्याला परवानगी देता येत नाही. राज्यात पुतळ्यासाठी शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आधी चौथरा बांधायचा आणि मग परवानगी मागायची, असं केलं की पुतळा वर्षानुवर्षं फडक्यात गुंडाळून उभा राहतो. ती विटंबना त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नये. त्यांच्या कामाशी जुळणाऱ्या उपक्रमाला नाव देणं जास्त शोभतं. ग्रामविकास मंत्री असताना ग्रामस्वच्छता अभियान उभं करणाऱ्या आर. आर. आबांचं नाव राज्याने सुंदर गाव पुरस्काराला दिलं, तिथे नाव आणि काम एकमेकांना धरून आहेत.

दरवर्षी पुरस्कार द्यायचा असेल तर प्रतिष्ठानची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी, विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा आणि खर्च फक्त ठेवीच्या व्याजातून करावा. साडेसहा टक्क्यांनी ५ लाखांचे वर्षाला ३२,५०० रुपये येतात. त्यात पुरस्कार, मानपत्र आणि साधा कार्यक्रम बसत असेल तरच घोषणा करावी.

प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमरा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना प्रती पाठवाव्यात. विधानमंडळ ग्रंथालयाला दोन, मतदारसंघातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला आणि माध्यमिक शाळेला एकेक. मूळ कागदांची खोकी घरी परत न देता, सूचीसह आणि लेखी अटींसह, विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवण्याबद्दल कुटुंबाशी बोलावं. सूचीची एक प्रत कुटुंबाकडे, एक समितीकडे राहू द्यावी.